ब्राझील आपल्याएवढा नाही : भूगोलाचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
भूगोलाचा अभ्यासक्रम आखणारी आणि प्रश्नपत्रिका काढणारी तज्ज्ञ मंडळी

विषय : मुलांना नकाशा भरायला लावण्याऐवजी करायला लावण्याबाबत

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

कार्यालयीन पत्राला संदर्भ क्रमांक लागतो. माझ्याकडे तो नाही, म्हणून संदर्भ म्हणून एक प्रश्न देते. गेल्या वर्षी सहामाहीच्या तोंडावर दहावीच्या वर्गात एका मुलानं तो विचारला : "बाई, ब्राझील आणि भारत सारखेच मोठे आहेत ना?"

मुलगा हुशार आहे. भूगोलात चाळीसपैकी छत्तीसच्या खाली येत नाही. ब्राझीलचं क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौ. किमी आणि भारताचं सुमारे ३३ लाख, हे त्याला पाठ होतं. दोनच मिनिटांपूर्वी त्यानं ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं. तरी त्याला दोन्ही देश सारखे वाटत होते, आणि त्याचं कारण त्याच्याच वहीत चिकटवलेलं होतं. डाव्या पानावर ब्राझीलचा आराखडा, उजव्या पानावर भारताचा. दोन्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले, दोन्ही पान भरून. बारा वर्षांची शाळा एका बाजूला आणि दुकानातले दोन कागद दुसऱ्या बाजूला. जिंकले कागद.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवते. २०१८ साली दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी ठेवून शिकवायचं ठरलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तुलनेनं शिकवणं हा भूगोलाचा खरा धर्म. एकट्या देशाचे आकडे मुलांच्या डोक्यात टिकत नाहीत, शेजारी दुसरा देश बसवला की टिकतात. तुमच्या त्या निर्णयाबद्दल आजही कृतज्ञता आहे. तक्रार त्याच्या पुढची आहे. तुलना पुस्तकात आली, पण नकाशात आली नाही. नकाशाचा प्रश्न तोच राहिला : आराखड्यात खालील घटक दाखवा व सूची तयार करा. मग मुलं काय करतात? मॅनॉस शहर कुठं, मराजॉ बेट कुठं, पिको दी नेब्लिना शिखर कुठं, हे रेषेच्या वळणावरून लक्षात ठेवतात. "वर डावीकडे नाकासारखं टोक आहे ना, त्याच्याजवळ त्रिकोण." हे मी स्वतःही सांगितलं आहे. गुण मिळतात. ब्राझील मात्र मिळत नाही.

म्हणून त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि गणिताच्या सरांकडून ग्राफ पेपर मागून आणले.

प्रमाण साधं ठरवलं. क्षेत्रफळासाठी एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक लाख चौ. किमी. लोकसंख्येसाठी एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक कोटी माणसं. प्रत्येक जोडीनं ब्राझीलचे दोन आणि भारताचे दोन असे चार चौरस कापायचे, आकार विसरून नुसते चौरस. ८५ चौरस सेंटिमीटरची बाजू किती? वर्गमूळ काढा. साधारण ९.२. भारताचे ३३, बाजू ५.७. आता लोकसंख्या : ब्राझील सुमारे २१ कोटी, बाजू ४.६. भारत सुमारे १४५ कोटी, बाजू १२ ला थोडी जास्त. चारही तुकडे बाकावर मांडले आणि वर्ग गप्प झाला. एरवी या वर्गाला गप्प करायला डस्टर आपटावं लागतं. जमिनीच्या ओळीत ब्राझीलच्या चौरसाखाली आपला चौरस सहज लपत होता. माणसांच्या ओळीत ब्राझील आपल्या चौरसाच्या एका कोपऱ्यात बसत होता. प्रश्न विचारणाऱ्या मुलानं चारही तुकडे उलटसुलट ठेवून पाहिले आणि म्हणाला, "बाई, मग त्यांच्याकडं राहतंय कोण?"

हा प्रश्न कुठल्याही स्वाध्यायात छापलेला नाही. पण तो आला की मॅनॉस आपोआप येतं. मॅनॉस ज्याची राजधानी ते ॲमेझॉनास हे ब्राझीलचं एक राज्य सुमारे साडेपंधरा लाख चौ. किमीचं, म्हणजे आपल्या महाराष्ट्रासारखी पाच राज्यं त्यात बसतील, आणि २०२२ च्या त्यांच्या जनगणनेत तिथं माणसं निघाली सुमारे ३९ लाख. साओ पावलो राज्य महाराष्ट्रापेक्षा लहान, माणसं साडेचार कोटींच्या आसपास. किनारा भरलेला आणि आतला भाग रिकामा, हे वाक्य मुलांनी तोवर चार वेळा लिहून काढलं होतं. कळलं त्या दिवशी.

या प्रमाणातली एक गंमत मला आधी सुचलेली नव्हती, ती एका मुलीनं काढली. लोकसंख्येचे चौकोन भागिले क्षेत्रफळाचे चौकोन, गुणिले शंभर : लोकसंख्येची घनता हातात. भारत १४५ भागिले ३३, म्हणजे ४.४, म्हणजे दर चौ. किमीला ४४०. ब्राझील २५. ऑस्ट्रेलियाचे जमिनीचे चौकोन ७७ आणि माणसांचे पावणेतीन, घनता साडेतीन. बांगलादेशचे जमिनीचे दीड आणि माणसांचे सतरा! तिथं वर्गातून "अबब" असा आवाज आला. घनतेची व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. इथून पुढं लिहिणार नाही, कापायला लावेन.

त्याच बांगलादेशाशेजारी मुलांनी रशिया ठेवला. जमिनीचे १७१ चौकोन, माणसांचे साडेचौदा. म्हणजे आकारानं रशियाच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान असलेल्या देशात रशियापेक्षा जास्त माणसं राहतात. मी पुस्तकातून हे कधी सांगितलं नव्हतं, कारण पुस्तकात हे दोन देश एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही मैदानावर गेलो. पीटीच्या सरांनी खो-खोच्या मैदानाची फक्की दिली, आणि ती किती संपली यावरून नंतर थोडं बोललेही. एक चौरस मीटर म्हणजे दहा लाख चौ. किमी. आशिया ४४ चौरस मीटर, अकरा बाय चार. आफ्रिका ३०, सहा बाय पाच. उत्तर अमेरिका २४, दक्षिण अमेरिका १८, अंटार्क्टिका १४, युरोप १०, ऑस्ट्रेलिया आणि आसपासची बेटं ८. वर्गात चाळीस मुलं. जग सुमारे ८०० कोटींचं, म्हणजे एक मूल म्हणजे वीस कोटी माणसं. हिशोब मुलांनीच केला : आशियात २४, आफ्रिकेत ७, युरोपात ४, उत्तर अमेरिकेत मेक्सिको आणि मधले छोटे देश धरून ३, दक्षिण अमेरिकेत २. झाले चाळीस. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला एका मुलाचा जेमतेम चौथा हिस्सा येत होता, म्हणून युरोपातल्या एकानं लांब पाय टाकून टाच तिथं टेकवली. अंटार्क्टिकात सगळ्यांची दप्तरं.

आशियाच्या आत पुन्हा रेघा मारल्या. भारताला सव्वातीन चौरस मीटर आणि त्यात सात मुलं. चीनला साडेनऊ आणि त्यातही सातच. रशियाचा आशियातला भाग तेरा चौरस मीटर, म्हणजे आशियाची जवळजवळ एक तृतीयांश जमीन, आणि तिथं उभं राहायला कोणीच नाही. भारतातली एक मुलगी ढकलाढकलीला कंटाळून सरळ सायबेरियात जाऊन बसली. बाकीचे ओरडले, "व्हिसा दाखव!" तिथं मी काही शिकवलं नाही. पण स्थलांतराचा पाठ चार महिन्यांनी आला, तेव्हा उदाहरण शोधावं लागलं नाही. २०५० च्या अंदाजासाठी नववीतली आठ मुलं उसनी आणली. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज धरला तर त्यातली बहुतेक आफ्रिकेत उभी करावी लागतात. आफ्रिकेतल्या सात जणांना हे आवडलं नाही. तोवर ते मजेत गोल फिरत होते.

आता मुख्य कामाकडे येते, कारण त्याबद्दलच बोलायचं आहे : जगाचा लोकसंख्येचा नकाशा. नुसते सुटे चौरस नव्हेत, शेजार राखून जोडलेले. भूगोलात याला कार्टोग्राम म्हणतात. हंगेरीत जन्मलेले, पुढे अमेरिकेत हार्वर्डमध्ये शिकवणारे नकाशातज्ज्ञ एर्विन राइस यांनी १९३४ साली आयतांचे असे नकाशे मांडले होते, म्हणजे मी काही नवं सांगत नाही. पुढं २००४ मध्ये गॅस्टनर आणि न्यूमन या दोघांनी संगणकाकडून देश फुगवण्या-आकसवण्याची रीत काढली आणि तसे फुगीर नकाशे सगळीकडे दिसू लागले. ते बघायला छान असतात. पण माझं म्हणणं बघण्याबद्दल नाही. संगणकानं केलेला नकाशा मूल पाहतं आणि "भारी आहे" म्हणतं. हातानं करताना ते भांडतं. आणि शिकतं ते त्या भांडणात.

कशावरून भांडतं ते सांगते. रशियाचे साडेचौदा चौकोन. त्याला एका बाजूला नॉर्वे-फिनलंडला टेकायचं आहे आणि दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागराला. एका गटानं एक सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी केली, पडवीच्या पत्र्यासारखी, साऱ्या आशियावर घातलेली. दुसरा गट म्हणाला, "छे, त्यांची माणसं बहुतेक युरोपच्या बाजूला आहेत, मग चौकोनही तिकडंच ठेवा आणि चीनपर्यंत नुसती शेपटी काढा." बरोबर कोण? दोघंही. पहिल्यानं शेजार राखला, दुसऱ्यानं वस्ती राखली. मंगोलियाची माणसं ३५ लाख, म्हणजे एका चौकोनाचा तिसरा भाग. तो तुकडा कापला की कात्रीला चिकटून येतो आणि फुंकर मारली की उडतो. पण तो गाळला तर रशिया आणि चीन यांच्यामध्ये काय आहे हे कसं कळणार? कॅनडा जमिनीच्या नकाशावर शंभर चौकोनांचा ऐसपैस देश. इथं चार चौकोन घेऊन अमेरिकेच्या ३४ चौकोनांच्या डोक्यावर टोपीसारखा बसला. नायजेरिया फुगून आफ्रिकेच्या कुशीत मावेना. नेपाळला तीन चौकोन, श्रीलंकेला सव्वादोन. श्रीलंका एरवी ठिपक्यासारखी दिसते. इथं ती ऑस्ट्रेलियाच्या तोडीची झाली, आणि क्रिकेटवाल्या मुलांना ते फारच रुचलं.

या सगळ्यात मुलांना जे उमगलं ते मी बी.एड.ला असताना व्याख्यानात ऐकूनही मला उमगलं नव्हतं. देशाचा आकार, त्याचं आकारमान आणि त्याचा शेजार, ही तिन्ही एकदम राखता येत नाहीत. काहीतरी सोडावं लागतं. काय सोडायचं ते नकाशा करणारा ठरवतो.

इथून प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीचा, धडा उचलला, आणि तो अवघड म्हणून दरवर्षी टाळला जातो हे तुम्हालाही ठाऊक असेल. संत्र्याचं साल काढून बाकावर सपाट करायला लावलं. फाटतं, किंवा कडेला ताणलं जातं. गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होऊ शकत नाही, हे गणितज्ञ गाउसनं १८२७ मध्ये सिद्ध केलं. आमच्या वर्गात ते मधल्या सुट्टीत सिद्ध झालं आणि पुरावा खाऊन टाकला. नकाशाकार मर्केटरनं १५६९ साली आपला नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा एकच धरून जायचं तर नकाशावर ती सरळ रेषा दिसावी, एवढी त्याची गरज होती. दिशा राखली, आकारमान सोडलं. दहावीची मुलं गणितात त्रिकोणमिती शिकतच असतात. कोसाइन ६० म्हणजे अर्धा. म्हणून ६० अक्षांशावर लांबी दुप्पट ताणली जाते, आणि आडवी-उभी दोन्हीकडून दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. सोलापूरच्या अक्षांशावर हाच फुगवटा दहा टक्क्यांच्या आसपास. गणिताच्या सरांनी दारातून डोकावून विचारलं, "हा माझा तास आहे का?"

आणि हा जुना इतिहास नाही. मुलांच्या हातात मोबाइल आहे, मोबाइलवरचे बहुतेक नकाशे याच घराण्यातले आहेत. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं म्हणजे आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. आपला भारतच ग्रीनलंडच्या दीडपट आहे. तिथली माणसं सुमारे ५६ हजार. आमच्या पंढरपूर शहरातच त्याहून जास्त राहतात, तेही वारी सोडून. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियननं मर्केटर सोडून खंडांची क्षेत्रफळं खरी दाखवणारा नकाशा वापरावा या मोहिमेला पाठिंबा दिला. त्यासाठी सुचवलेलं 'इक्वल अर्थ' हे प्रक्षेपण २०१८ मध्ये तयार झालं आहे. ही बातमी वर्गात वाचली तेव्हा मुलांना ती समजावून सांगावी लागली नाही. आफ्रिकेत फिरलेली सात मुलं वर्गात होतीच.

आता एक अनुभव सांगते, कोणाचं नाव न घेता. शाळा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी व्हरांड्यातला आमचा चौकोनांचा नकाशा पाहिला. म्हणाले, "हा कसला नकाशा? भारताचा आकारच चुकलाय." मी सांगितलं की हा माणसांचा नकाशा आहे, जमिनीचा नाही. ते म्हणाले, "परीक्षेत येतो का?" मी म्हटलं, नाही. "मग कशाला?" शेऱ्यात त्यांनी लिहिलं, नकाशावाचनाचा सराव वाढवावा. राग आला होता, आता नाही. त्यांचा दुसरा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे जे परीक्षेत येत नाही ते शाळेत फार काळ टिकत नाही, हे मलाही कळतं. हे पत्र त्यांच्याऐवजी तुम्हाला लिहिते आहे ते त्यामुळेच.

त्यांच्या पहिल्या हरकतीत मात्र तथ्य आहे आणि ती झटकून चालणार नाही. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवल्या पाहिजेत. मुलांना लहानपणापासून ती शिस्त हवीच. म्हणून आम्ही चौकोनी नकाशाखाली ठळक लिहितो : 'या नकाशात सीमा दाखवलेल्या नाहीत, एक चौकोन म्हणजे एक कोटी माणसं.' शेजारी खऱ्या सीमांचा नकाशा लावतो. दोन्ही एकत्र पाहिले की घोटाळा होत नाही, उलट खऱ्या नकाशाकडे मुलं जास्त निरखून बघतात.

आकड्यांचीही एक अडचण येते, आणि ती लपवण्यापेक्षा शिकवावी असं मला वाटतं. एका गटानं भारतासाठी १२१ चौकोन कापले, दुसऱ्यानं १४५. पहिल्यानं २०११ ची जनगणना घेतली होती, दुसऱ्यानं संयुक्त राष्ट्रांचा अलीकडचा अंदाज. दोघांच्या भारतांत चोवीस कोटींचा फरक, म्हणजे एक अख्खा ब्राझील आणि वर थोडं! क्षेत्रफळाचंही तसंच. कुणी पाण्याखालचा भाग धरून आकडा देतं, कुणी वगळून, आणि मग चीन मोठा की अमेरिका यावर दोन पुस्तकांत दोन उत्तरं निघतात. नियम केला : साल एकच, उगम एकच, आणि तो नकाशाखाली लिहायचा.

२०११ च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होते. माझ्या वाट्याच्या गल्ल्या मला आजही पाठ आहेत. २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी करायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो होतो. एक म्हातारा पोतं पांघरून झोपला होता. त्याला उठवून नाव विचारलं, तर म्हणाला, "लिहून काय करणार, बाई?" मुलांना हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "तो आजोबा आपल्या नकाशात कुठंय?" आमच्या एका चौकोनात एक कोटी माणसं, त्यामुळं बोट ठेवून दाखवता आलं नाही. पण आहे. १२१ व्या चौकोनाचा जो शेवटचा बारीक तुकडा असतो, तो मी त्याचा समजते. २०२७ च्या जनगणनेत पुन्हा आम्हा शिक्षकांनाच दारोदार जायचं आहे. आपण मोजून आणलेल्या आकड्याचा पुढं नकाशा होतो, हे दहावीच्या मुलाला आधी दिसलं तर प्रगणकाला दारातून परत पाठवणाऱ्या घरांत एखादं तरी घर कमी होईल.

निबंधाबद्दलही एक सांगायचं आहे. विषयाला थोडं सोडून आहे, पण राहवत नाही. 'लोकसंख्येचा भस्मासुर' हा आपल्या शाळांतला सदाबहार निबंध. त्यात एक वाक्य ठरलेलं : माणसं जास्त, जमीन कमी, म्हणून देश गरीब. चौकोन कापणाऱ्या मुलांनी दक्षिण कोरिया काढला. जमिनीचा एक चौकोन, माणसांचे पाच. घनता पाचशेच्या वर, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. मग ते गरीब का नाहीत? इजिप्त काढला. जमिनीचे दहा, माणसांचे साडेअकरा. चौकोन सांगतात ऐसपैस आहे. पण जवळजवळ सगळी माणसं नाईलच्या काठाला आणि त्रिभुज प्रदेशात दाटलेली, बाकी वाळवंट. म्हणजे आमचे चौकोनसुद्धा फसवतात. हे मुलांनी स्वतः पकडलं याचा मला जास्त आनंद झाला. त्या वर्षी निबंधात एकानं भस्मासुराऐवजी कोरियाचं उदाहरण दिलं. मराठीच्या बाईंनी बाजूला प्रश्नचिन्ह काढलं आहे. आमचं बोलणं चालू आहे.

घरचं उदाहरण दिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. महाराष्ट्र क्षेत्रफळानं इटलीपेक्षा किंचित मोठा आहे आणि २०११ मध्येच आपण सव्वाअकरा कोटी होतो. इटलीत सहा कोटीही नाहीत. जिल्ह्यांसाठी प्रमाण बदललं : जमिनीचा एक चौकोन शंभर चौ. किमी, माणसांचा एक चौकोन एक लाख. गडचिरोलीला जमिनीचे १४४, माणसांचे जेमतेम ११. मुंबई उपनगराला जमिनीचे साडेचार, माणसांचे ९४. निवडणूक निकालाच्या दिवशी टीव्हीवर महाराष्ट्राचा रंगवलेला नकाशा येतो. त्यात गडचिरोली-चिमूरचा एक मतदारसंघ हातभर रंग घेतो आणि मुंबईचे सहा मतदारसंघ बोटाच्या पेराखाली झाकले जातात. कोणाची सरशी झाली हे रंगाच्या पसाऱ्यावरून ठरवणारे माझ्या घरातही आहेत. दहावीच्या मुलीनं आजोबांना समजावलं की रंग जमिनीला दिलाय, मतांना नाही. आजोबांनी चॅनेल बदललं.

मला काय हवं आहे, ते आता सरळ लिहिते. तुलनेसाठी दोन देशांचे आराखडे एकत्र द्याल तेव्हा ते एकाच प्रमाणात छापा. एवढं एक केलं तरी माझ्या वर्गातला तो प्रश्न पुन्हा येणार नाही. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, छापखान्यात एक सूचना पुरते. जगाचा नकाशा क्षेत्रफळ राखणाऱ्या प्रक्षेपणात द्या आणि कोपऱ्यात त्या प्रक्षेपणाचं नाव लिहा. परीक्षेत ठिपके भरण्याच्या प्रश्नाला पर्याय म्हणून एखादा प्रश्न असा काढा : चार देशांचं क्षेत्रफळ आणि लोकसंख्या दिली आहे, दिलेल्या चौकटींवर दोन नकाशे काढा, प्रमाण लिहा, आणि दोहोंत काय फरक दिसतो ते तीन ओळींत सांगा. तपासायला अवघड नाही, चौकोन मोजता येतात. आणि अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण आपण सगळेच सढळ हातानं वाटतो, त्यातले चार तरी अशा हातच्या नकाशाला ठेवा.

वेळ कुठून आणायचा, असं माझेच सहकारी विचारतील. आम्हाला तीन तासिका आणि एक मधली सुट्टी लागली. त्या बदल्यात लोकसंख्येचा पाठ, घनता, प्रमाण, प्रक्षेपण आणि स्थलांतराची निम्मी तयारी झाली. खर्च ग्राफ पेपर, खळ, रंगीत कागद आणि पीटीच्या सरांची फक्की. सर अजून त्याचं नाव काढतात.

आमचा नकाशा व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या वर लावला आहे. तिथली ओल लागून कडा सुटतात. नायजेरिया एकदा पुन्हा चिकटवला आहे. मंगोलिया दोनदा पडला. एकदा तर पाचवीच्या मुलाच्या चपलेला चिकटून वर्गात गेला. आता तो परत लावण्याचं काम एका मुलीकडं दिलं आहे, तिनं दप्तरात तीन जादा मंगोलिया कापून ठेवले आहेत. आपल्यापैकी कोणी पाहायला येणार असेल तर शनिवारी या, सकाळची शाळा असते. मंगोलिया त्या दिवशी जागेवर असेल असं मात्र सांगता येत नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
भूगोलाची एक शिक्षिका
सोलापूर जिल्हा